ई-बाईक : व्याख्या केंद्राची, दंड राज्याचा, जोखीम खरेदीदाराची

तंजावर : बृहदीश्वर मंदिर, मराठा राजवाडा आणि राजवाड्याभोवतीच्या चार मुख्य वीथी यांच्या परिसरात वसलेल्या तंजावरच्या जुन्या शहरात रस्ते अरुंद आणि अंतरे लहान आहेत. शाळा, शिकवणी, बाजार आणि देवळे यांच्यात दिवसभर ये-जा करणाऱ्या कुटुंबांसाठी विजेवर चालणारी दुचाकी हे सोयीचे आणि स्वस्त वाहन ठरते. अशा शहरांच्या रस्त्यांवर आज दोन प्रकारच्या ई-बाईक शेजारी-शेजारी धावताना दिसतात. एकीवर ‘टीएन-४९’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची हिरवी पाटी असते, तर दुसरीवर पाटीच नसते. दोन्हींचा आकार जवळपास सारखा, बसण्याची रीत तीच आणि ॲक्सिलरेटर पिळण्याची सवयही तीच. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिली मोटार वाहन आहे, तर दुसरी जवळपास सायकलच्या पंक्तीत बसते.

हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि नेमक्या याच ठिकाणी गोंधळ सुरू होतो. ‘परवाना नको, नोंदणी नको, हेल्मेट नको’ ही विक्रेत्याची जाहिरात काही वाहनांच्या बाबतीत खरी असते, काहींच्या बाबतीत अर्धी खरी असते, तर काहींच्या बाबतीत साफ खोटी असते. अपघात होईपर्यंत किंवा पोलीस वाहन अडवीपर्यंत बहुतेक खरेदीदारांना आपले वाहन कोणत्या गटात मोडते याची कल्पना नसते. त्यानंतर जी कायदेशीर जबाबदारी येते, ती प्रथम येऊन पडते वाहनमालकावर आणि अल्पवयीन मूल वाहन चालवत असेल तर त्याच्या पालकांवर.

राज्याचे किती, केंद्राचे किती

‘तमिळनाडूत ई-बाईकचा कायदा काय आहे’ किंवा ‘महाराष्ट्रात काय नियम आहेत’, असे प्रश्न नेहमी विचारले जातात. हे प्रश्न मुळातच थोडे वेगळ्या रीतीने मांडायला हवेत. अमेरिकेत ई-बाईकच्या वापराचे नियम राज्यागणिक बदलतात. तेथील अनेक राज्यांनी वेगानुसार तीन वर्ग ठरवले असून कोणत्या वर्गाला कुठे परवानगी द्यायची, वयाची अट काय आणि हेल्मेट सक्तीचे की नाही, हे राज्ये ठरवतात. भारताची रचना तशी नाही. यंत्रचलित वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत येतो आणि त्यावरील मुख्य कायदा संसदेने केलेला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या आधारेच कोणतीही ई-बाईक मोटार वाहन आहे की नाही, हे ठरते. ही व्याख्या तंजावरमध्ये, नाशिकमध्ये आणि पणजीमध्ये एकच आहे.

राज्यांच्या हाती चार गोष्टी उरतात. वाहनावरील कर हा राज्य सूचीतील विषय आहे, त्यामुळे करमाफी द्यायची की नाही आणि किती काळ द्यायची, हे राज्य ठरवते. जागच्या जागी वसूल करायच्या तडजोड दंडाची रक्कम राज्य अधिसूचित करते. वाहन भाड्याने किंवा टॅक्सी म्हणून वापरण्याची मुभा राज्याच्या धोरणावर अवलंबून असते. आणि चौथी गोष्ट म्हणजे अंमलबजावणी, कारण प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि वाहतूक पोलीस दोन्ही राज्याचेच असतात. थोडक्यात, वाहनाची ओळख केंद्राच्या नियमाने ठरते आणि त्या ओळखीची किंमत बहुतांशी राज्यात मोजावी लागते.

पंचवीस आणि अडीचशे

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २ (यू) हा या विषयाचा गाभा आहे. बॅटरीवर चालणारे वाहन मोटार वाहन समजले जाऊ नये, यासाठी त्यात अटी घातल्या आहेत. मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी असली पाहिजे. वाहनाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असला पाहिजे. पॅडलला मोटरची जोड असलेल्या सायकलींच्या बाबतीत वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच, किंवा स्वार पॅडल मारायचे थांबताच, मोटरची मदत बंद झाली पाहिजे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असणे आवश्यक आहे. या सर्व अटी पूर्ण होतात याची पडताळणी नियम १२६ खालील अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असली पाहिजे.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच दुकानात सांगितली जात नाही. वाहन हळू चालते म्हणून सवलत मिळत नसते. ते सवलतीस पात्र असल्याचे चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजेच एआरएआय, पुण्याचीच सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आणि हरियाणातील मानेसरची आयकॅट या अशा प्रमुख संस्था आहेत. सुट्या भागांची जुळणी करून विकलेले, कोणतेही प्रमाणपत्र नसलेले वाहन ताशी २० किलोमीटरनेच धावत असले, तरी केवळ त्या वेगामुळे ते सवलतीस पात्र ठरत नाही.

शक्तीच्या आकड्यातही मेख आहे. मोटर काही क्षणांसाठी देऊ शकते ती कमाल शक्ती आणि ती सलग तीस मिनिटे टिकवू शकते ती शक्ती, या दोन वेगळ्या बाबी आहेत. कायद्याला दुसरी मोजणी अभिप्रेत आहे. माहितीपत्रकावर नुसते ‘२५० वॉट’ छापलेले असेल, तर ते कोणत्या मोजणीचे, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय नियमाचे शब्द ‘पेक्षा कमी’ असे आहेत, ‘पर्यंत’ असे नाहीत.

युरोपीय संघातही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हेच आकडे आहेत. पण तेथे ही सवलत प्रामुख्याने पॅडल मारून चालवायच्या सायकलींना आहे. भारताच्या नियमात पॅडलची सक्ती नसल्यामुळे स्कूटरसारखे दिसणारे, केवळ ॲक्सिलरेटरवर चालणारे वाहनही अटी पूर्ण केल्यास मोटार वाहनाच्या व्याख्येबाहेर राहते. या उदारपणाचा लाभ विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि मोठ्या शहरांत घरपोच वस्तू पोहोचवणारे कामगार यांना झाला. त्याच उदारपणाने तपासणीचे काम अवघडही करून ठेवले. सायकल आणि स्कूटर यांतला फरक रस्त्यावरच्या हवालदाराला लांबूनही कळतो. ताशी २४ किलोमीटर आणि ताशी ४० किलोमीटर वेगमर्यादेच्या दोन स्कूटर समोर उभ्या केल्या, तर त्यांतला फरक त्याला कळण्याचा मार्ग नाही.

सीमा ओलांडल्यावर

दोहोंपैकी एक मर्यादा जरी ओलांडली, तरी वाहन पूर्णपणे मोटार वाहन ठरते. मधला कोणताही वर्ग नाही. मग नोंदणी आवश्यक, चालक परवाना आवश्यक आणि तृतीय पक्ष विमाही आवश्यक. ऑगस्ट २०१८ च्या अधिसूचनेनुसार अशा खासगी वाहनाला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या वाहनाला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे लावावी लागतात. नोंदणी शुल्क मात्र भरावे लागत नाही. बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देण्याचे व त्याचे नूतनीकरण करण्याचे शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केले.

परवाना दुचाकीचाच हवा. ज्यांच्याकडे फक्त चारचाकीचा परवाना आहे, त्यांना त्या आधारे नोंदणीकृत ई-स्कूटर चालवता येत नाही. वयाच्या बाबतीत कायद्यातील एक जुनी तरतूद गोंधळ वाढवते. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना चालवता येते, असे अधिनियमाचे कलम ४ सांगते. विजेच्या मोटरला घनक्षमता नसते. त्यामुळे ही सवलत ई-स्कूटरला सरळ लागू करता येत नाही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून दहावी-अकरावीतल्या मुलांच्या हाती हिरव्या पाटीची स्कूटर देणाऱ्या पालकांनी आधी परिवहन कार्यालयाकडून लेखी खात्री करून घेणे हिताचे आहे.

हेल्मेटची सक्ती कलम १२९ खाली असून ती चालकाला तशीच मागे बसणाऱ्यालाही आहे. चार वर्षांवरील मुलांनाही ती लागू होते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी लहान मापाचे हेल्मेट, चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा अशी तरतूद २०२२ मध्ये अधिसूचित होऊन पुढील वर्षापासून लागू झाली. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०१५ पासून हेल्मेटच्या अंमलबजावणीला जोर आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याने सुधारित दंड लागू केल्यावर हेल्मेट नसल्यास आकारायची रक्कम एक हजार रुपये झाली. महाराष्ट्राने सुधारित तडजोड दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले होते. एकाच केंद्रीय कायद्याखालील दंड दोन राज्यांत वेगवेगळ्या वेळी आणि काही बाबतींत वेगवेगळ्या रकमांनी का लागू झाले, याचे उत्तर तडजोड दंडाच्या या अधिकारात आहे.

कमी वेगाच्या, सवलतीस पात्र वाहनाला हेल्मेटची ही सक्ती लागू होत नाही. पण कायद्याची सक्ती नसली म्हणजे डोक्याला धोका नसतो, असे होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीस्वार होते. त्या वर्षी सर्वाधिक अपघातांची नोंद तमिळनाडूत झाली होती. ताशी २४ किलोमीटरने जाणाऱ्या स्वाराला धडकणारे वाहन त्याच वेगाचे असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तंजावर-तिरुचिरापल्ली राष्ट्रीय महामार्गावर तर नाहीच नाही.

एक वायर काढली तर

सर्वांत धोकादायक प्रकार वेगवाढीचा आहे. कमी वेगाच्या अनेक वाहनांत मोटर आणि बॅटरीची क्षमता अधिक असते, आणि वेग कंट्रोलरमध्ये बांधून ठेवलेला असतो. एखादी वायर सोडवून, सेटिंग बदलून किंवा कंट्रोलरच बदलून तो मोकळा करता येतो. काही मिनिटांचे हे काम पूर्ण होताच वाहनाची कायदेशीर ओळख बदलते. चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले वाहन ते राहत नाही. आता ते नोंदणी नसलेले, विमा नसलेले मोटार वाहन असते.

परिणामांची साखळी लांब आहे. नोंदणीविना वाहन चालवल्यास कलम १९२ खाली पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याविना चालवल्यास कलम १८१ खाली पाच हजार रुपये आणि विमा नसल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंडाची किंवा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वाहनात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. नियमबाह्य वाहन विकणारा उत्पादक किंवा विक्रेताही सुटत नाही. त्याच्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद त्याच कलमात आहे.

चालवणारे मूल अल्पवयीन असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आणलेले कलम १९९ए लागू होते. त्यात पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड अशी आहे. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकांवर येते. शिकवणीला जाणाऱ्या मुलीसाठी ‘परवाना नको’ म्हणून घेतलेले वाहन मित्राच्या सांगण्यावरून गॅरेजमध्ये ‘मोकळे’ करून आणले गेले, की पालकांना न कळताच ते या कलमाच्या कक्षेत येतात.

राज्यांनी याकडे पूर्णपणे दुर्लक्ष केलेले नाही. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने मे २०२२ मध्ये मान्यता नसलेल्या आणि बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाईकविरुद्ध विशेष तपासणी मोहीम राबवली. मात्र मोहिमा येतात आणि जातात. रस्त्यावर मोटरची तीस मिनिटांची शक्ती मोजण्याचे साधन कोणत्याही वाहतूक पोलिसाच्या हाती नसते.

अपघात झाला तर भरपाई कोणाकडून

दंडाच्या रकमा लोकांच्या लक्षात राहतात. खरा आर्थिक धोका मात्र अपघातानंतरच्या भरपाईत आहे. मोटार वाहनाच्या धडकेने कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची भरपाई मिळू शकते. चूक सिद्ध झाल्यास उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेल्या व्यक्ती यांचा हिशेब करून त्याहून कितीतरी मोठी रक्कम ठरते. विमा असेल तर ती विमा कंपनी देते. विमा नसेल तर मालकाला द्यावी लागते, आणि त्याने ती दिली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते. वेग वाढवलेल्या, पाटी नसलेल्या ई-बाईकचा मालक नेमका याच जागी उभा असतो. वाहनाची किंमत काही हजारांत आणि संभाव्य देणे लाखांत.

सवलतीस खरोखर पात्र असलेल्या वाहनाचे चित्र वेगळे आहे, पण निर्धास्त करणारे नाही. ते मोटार वाहनच नसल्यामुळे त्याच्या धडकेने जखमी झालेल्या पादचाऱ्याला न्यायाधिकरणाचा तुलनेने सोपा मार्ग मिळत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि पलीकडे पैसे देणारी विमा कंपनी नसते. म्हणजे कायद्याने स्वाराला दिलेल्या सवलतीची किंमत काही प्रसंगी रस्त्याने चालणारा तिसराच माणूस मोजतो. मंदिरे, शाळा आणि बाजार एकमेकांना खेटून असलेल्या तंजावरसारख्या शहरात ही बाब पुस्तकी राहत नाही. फौजदारी कायद्याला मात्र हा भेद मान्य नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘कोणतेही वाहन’ चालवण्याला लागू होते, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

नोंदणीकृत नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घेणे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून बंधनकारक आहे. अनेक ग्राहकांना हा खर्च जाचक वाटतो आणि म्हणूनच ‘विमा नको’ असलेले वाहन त्यांना आकर्षक वाटते. प्रत्यक्षात त्या हप्त्यातून विकत घेतलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याचे नुकसान झाल्यास स्वतःचे घर शाबूत राहण्याची हमी असते.

तमिळनाडूचा कर आणि स्थलांतरित कुटुंबे

तमिळनाडू हे विजेवरील दुचाकींच्या उत्पादनाचे देशातील प्रमुख केंद्र आहे. होसूर, कृष्णगिरी आणि राणिपेट या पट्ट्यात मोठे कारखाने उभे राहिले आहेत. राज्याने सप्टेंबर २०१९ मध्ये पहिले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुधारित विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०२३ च्या धोरणात विद्युत वाहनांना रस्ता करातून डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत पूर्ण सूट देण्यात आली. अशा सवलतींची मुदत शासन आदेशांनी बदलत असते, त्यामुळे खरेदीच्या दिवशी कोणता आदेश लागू आहे, हे परिवहन कार्यालयात विचारून घेणेच योग्य. याच धोरणात चेन्नई, कोइम्बतूर, तिरुचिरापल्ली, मदुराई, सेलम आणि तिरुनेलवेली या सहा शहरांना विद्युत वाहनांची शहरे म्हणून विकसित करण्याचा मानस व्यक्त झाला. तंजावर त्या यादीत नाही. त्यातील सर्वांत जवळचे शहर तिरुचिरापल्ली आहे.

व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकात तंजावरला मराठी सत्ता स्थापन केली, तेव्हापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यांच्यासाठी तमिळनाडूचे नियम हेच घरचे नियम आहेत. नोकरी, शिक्षण किंवा बदलीनिमित्त महाराष्ट्रातून नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन तमिळनाडूत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर कलम ४७ नुसार नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात मिळालेली करमाफी आपोआप सोबत येत नाही. कर त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ठरतो, आणि तमिळनाडूत तो १९७४ चा मोटार वाहन कर अधिनियम आहे. परवाना मात्र देशभर चालतो. नोंदणी, विमा आणि परवाना डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये दाखवला, तरी तो ग्राह्य धरावा, असे केंद्रीय नियम सांगतात. तमिळ न येणाऱ्या प्रवाशाला याचा मोठा आधार असतो.

कमी वेगाच्या वाहनाला ही धावपळ नाही, कारण त्याची नोंदच नसते. पण ते चोरीला गेले, तर मालकी दाखवायला खरेदीचे बिल आणि चासी क्रमांक यांखेरीज काही हाती नसते. बिल जपून ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी कळते.

भाड्याने आणि टॅक्सी म्हणून

राज्याराज्यांतील खरा फरक व्यावसायिक वापरात दिसतो. विजेच्या दुचाकी टॅक्सींसाठी कर्नाटकाने २०२१ मध्ये योजना आणली आणि मार्च २०२४ मध्ये ती मागे घेतली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये बाईक टॅक्सीला परवानगी दिली, ती विजेवरील वाहनांपुरतीच. केंद्राने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ॲग्रिगेटर मार्गदर्शक तत्त्वांत खासगी दुचाकींचा असा वापर होऊ द्यायचा की नाही, हा निर्णय राज्यांवर सोपवला आहे. त्यामुळे एका राज्यात रोजगार असलेले काम सीमा ओलांडताच दंडपात्र ठरू शकते. तंजावर, कुंभकोणम किंवा तिरुवैयारू पाहायला येणाऱ्या पर्यटकांनी दुचाकी भाड्याने घेताना ती भाड्याच्या वापरासाठी नोंदलेली आहे का, हे पाटीच्या रंगावरून तपासता येते. खासगी नोंदणीचे वाहन पैसे घेऊन भाड्याने दिले जात असेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा वादात सापडण्याची शक्यता असते.

आगीचा धडा

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूतीलच वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरला आग लागून धुराने गुदमरून वडील व मुलीचा मृत्यू झाला. त्या उन्हाळ्यात अन्यत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. पेशींमधील अंतर, पाणी व धूळ यांपासून संरक्षण, बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांचा त्यात विचार आहे. कायदेशीर दर्जा काहीही असला, तरी बॅटरी सुरक्षित आहे का हा प्रश्न दोन्ही प्रकारच्या वाहनांना विचारला पाहिजे. घरगुती जोडणीवर स्वतःचे वाहन चार्ज करण्याला आडकाठी नाही. पण दाराशी, जिन्यात किंवा झोपण्याच्या खोलीत रात्रभर चार्जिंग करणे टाळावे, हा वेल्लोरच्या घटनेचा साधा धडा आहे.

घेण्यापूर्वी काय पाहावे

वाहनाला परवाना व नोंदणी लागत नाही असे सांगितले जात असेल, तर विक्रेत्याकडून त्या विशिष्ट मॉडेलचे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील मॉडेलचे नाव वाहनाशी जुळते का, हे पाहावे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती आणि कमाल वेग बिलावर लिहून घ्यावा. ‘नंतर वेग वाढवून देऊ’ असे विक्रेता म्हणाला, तर तो गुन्ह्याचे आमिष दाखवत आहे, असे समजून दुकान सोडावे. नोंदणी लागणारे वाहन असेल, तर कायमचा किंवा तात्पुरता नोंदणी क्रमांक आणि विमा हाती आल्याशिवाय ते रस्त्यावर आणू नये. दिशाभूल झाली असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार खरेदीदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मोजमापाबाहेरची वाहने

‘वाहन’ या केंद्रीय प्रणालीवरील नोंदींनुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे साडेअकरा लाख विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या. कमी वेगाच्या ई-बाईक या संख्येत नाहीत, कारण त्यांची नोंदणीच होत नाही. त्या किती आहेत, कोणत्या वयाचे लोक त्या चालवतात, त्यांचे अपघात किती होतात, हे कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही. धोरण आखणाऱ्यांसाठी हा मोठा अंधार आहे.

यावर उपाय म्हणून सर्वच ई-बाईकना परवाना आणि कर लावणे सोपे वाटेल, पण त्यातून स्वस्त आणि स्वच्छ वाहनावर अवलंबून असलेला विद्यार्थी, फेरीवाला आणि वृद्ध पुन्हा पेट्रोलकडे किंवा गर्दीच्या बसकडे ढकलला जाईल. त्यापेक्षा तीन गोष्टी शक्य आहेत. कमी वेगाच्या प्रत्येक वाहनावर चाचणी प्रमाणपत्राचा क्रमांक ठळक, न पुसणाऱ्या अक्षरांत असणे बंधनकारक करता येईल, म्हणजे रस्त्यावरची तपासणी अंदाजावर राहणार नाही. वेग मोकळा करता येणार नाही असे कंट्रोलर बसवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकता येईल. आणि वाहनाच्या किमतीतच अल्प हप्त्याचा तृतीय पक्ष विमा समाविष्ट करता येईल, म्हणजे जखमी पादचारी वाऱ्यावर सुटणार नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी केंद्राला नियम बदलावे लागतील. तिसरीची सुरुवात एखादे राज्यही करमाफीच्या किंवा अनुदानाच्या अटींमधून करू शकते. उत्पादनात आघाडीवर असलेल्या तमिळनाडूला त्यात पुढाकार घेण्याची संधी आहे.

तोपर्यंत ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉट या दोन आकड्यांची राखण खरेदीदारालाच करावी लागणार आहे. प्रमाणपत्र न पाहता घेतलेल्या किंवा वेग वाढवलेल्या ई-बाईकमध्ये वाचलेला विम्याचा हप्ता अपघाताच्या दिवशी एकरकमी चुकवावा लागू शकतो.